शालेय पाणथळ भागीदारी

शालेय पाणथळ भागीदारी म्हणजे निरनिराळ्या देशांतील शाळांनी आपापल्या परिसरातील तळी, दलदली व खाजणे यांचे समान पद्धतीने निरीक्षण करून नोंदींची देवाणघेवाण करणे होय. अमेरिकेच्या पुढाकाराने १९९५ साली सुरू झालेल्या 'ग्लोब' उपक्रमात भारतासह शंभराहून अधिक देश सहभागी झाले. त्यात विद्यार्थी पाण्याचे तापमान, सामू, पारदर्शकता इत्यादी मोजून त्या नोंदी सामायिक संग्रहात जमा करतात.

अशा अभ्यासाला उभयचर प्राणी विशेष सोयीचे ठरतात. बेडकाच्या पातळ त्वचेतून पाणी व वायू आत-बाहेर जातात. त्यामुळे पाण्यातील बिघाड त्याला लवकर बाधतो. मात्र दोन देशांतील ऋतू जुळत नाहीत. इंग्लंडमधील सामान्य बेडूक प्रामुख्याने फेब्रुवारी-मार्चमध्ये अंडी घालतो, तेव्हा महाराष्ट्रातील डबकी आटू लागलेली असतात. येथील बहुतेक बेडकांची वीण पावसाळ्यात, म्हणजे शाळा उघडण्याच्या सुमारास सुरू होते. म्हणून एकाच तारखेच्या नोंदी ताडून पाहण्यात फारसा अर्थ नाही. अंडी दिसल्यापासून दिवस मोजावेत.

शालेय निरीक्षणाचे मोल मिनेसोटा (अमेरिका) येथील घटनेतून दिसते. ऑगस्ट १९९५ मध्ये हेंडरसन गावाजवळच्या तळ्यावर सहलीस गेलेल्या विद्यार्थ्यांना पाय नसलेले व विकृत पायांचे अनेक बेडूक आढळले. त्यांनी ही बाब राज्याच्या प्रदूषण नियंत्रण यंत्रणेला कळवली. पुढे अन्य राज्यांतून व कॅनडातूनही तशा नोंदी आल्या. रिबेरोइया हा परजीवी चपटा कृमी भैकेरांच्या (बेडकांच्या डिंभांच्या) पायांच्या अंकुरांत शिरून विकृती घडवतो, हे १९९९ मध्ये प्रयोगाने सिद्ध झाले. हा कृमी गोगलगायींतून भैकेरांत व बेडूक खाणाऱ्या पक्ष्यांत जातो. शेतांतील खते तळ्यात उतरली की शेवाळ वाढते आणि त्यावर जगणाऱ्या गोगलगायीही. सर्वच विकृती कृमीमुळे होत नाहीत. चतुराच्या अळ्यांसारखे भक्षकही भैकेरांचे पाय तोडतात.

भागीदार शाळांनी परस्परांना नोंदी, छायाचित्रे व बेडकांच्या आवाजाचे ध्वनिमुद्रण पाठवावे. अंडी, भैकेर, पाणी किंवा चिखल कदापि पाठवू नये. बेडकांच्या त्वचेला ग्रासणारी कायट्रिड बुरशी ओल्या चिखलातूनही पसरते. ऑस्ट्रेलिया व पनामा येथील बेडकांच्या सामूहिक मृत्यूंचे ती कारण असल्याचे १९९८ मध्ये उघड झाले. पश्चिम घाटातील बेडकांवरही ती आढळली आहे. एका तळ्यावरून दुसऱ्या तळ्यावर जाण्यापूर्वी बूट व जाळी घासून धुवावीत, निर्जंतुक करावीत आणि पूर्ण वाळवावीत. शाळेत वाढवलेले बेडूक अनोळखी तळ्यात सोडू नयेत.