साठा, शेअर आणि साखरेची पोती

संगणक बनवणाऱ्या कंपन्यांच्या शेअरवर लिहिणारे आजही आधी विक्री आणि नफा मांडतात. माझा आग्रह जुनाच आहे: ताळेबंदात पहिल्यांदा मालसाठ्याचा आकडा बघा. प्रोसेसर, मेमरी यांच्या किमती बहुतेक काळ उतरतच आल्या. त्यामुळे गोदामात पडलेल्या मालावर व्याजाहून मोठी खोट किमतीत बसते.

डेलने हा धडा 1989 मध्ये घेतला. मेमरी चिप्स गरजेपेक्षा जास्त घेतल्या आणि भाव कोसळले. पुढे त्यांनी आधी मागणी, मग जुळणी ही रीत कडक केली. भरभराटीच्या काळात त्यांचा साठा चार-पाच दिवसांवर आला होता. गिऱ्हाइकाचे पैसे आधी येत, पुरवठादाराचे नंतर जात. विक्रेत्यांच्या दुकानांत माल भरून ठेवणाऱ्या कॉम्पॅकला हे जमलं नाही. 2002 मध्ये ती एचपीत विलीन झाली.

अ‍ॅपलचं पुनरुज्जीवन रंगीत आयमॅकमुळे झालं, असं सांगणारे पुष्कळ आहेत. मला ते अर्धंच पटतं. 1997 मध्ये कंपनीला शंभर कोटी डॉलरहून अधिक तोटा झाला होता. 1998 मध्ये कॉम्पॅकमधून आलेल्या टिम कुक यांनी 19 पैकी 10 गोदामं बंद केली, मुख्य पुरवठादार 100 वरून 24 वर आणले आणि महिनाभराचा साठा काही महिन्यांत सहा दिवसांवर आणला. शेअरची पुढची चाल या कामावर उभी राहिली.

कोविड काळातल्या चिपटंचाईनंतर ‘कमी साठा हे खूळ’ म्हणणारेही निघाले. विचारपूर्वक राखलेले सुटे भाग आणि न खपलेला तयार माल यांतला फरक ते बघत नाहीत. भारतीय संगणक उत्पादकांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. भागच बाहेरून येत, साठ्यावर त्यांचा ताबा तो किती असणार!

साठ्याची खरी शाळा आमच्या नगर जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांतच आहे. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी उभ्या केलेल्या प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याचा पहिला गळीत हंगाम 1950-51 चा. तेव्हापासून इथला प्रश्न डेलच्या बरोबर उलटा आहे. गाळप चार-पाच महिन्यांत उरकतं, साखर वर्षभर विकायची आणि ऊस तुटल्यापासून 14 दिवसांत एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त व किफायतशीर दर, द्यायची. उशीर झाला तर 15 टक्के व्याज. पुरवठादार आधी, गिऱ्हाईक नंतर. मधली दरी भरते साखर तारण कर्ज. बँक मूल्यांकनाच्या साधारण 85 ते 90 टक्के उचल देते; बाजार उतरला की मूल्यांकन घटतं आणि कारखाना ‘शॉर्ट मार्जिन’मध्ये जातो.

हिशेब करून बघा. क्विंटलला 3500 रुपये मूल्यांकन, 90 टक्के उचल, 11 टक्के व्याज आणि दहा टक्के उतारा, म्हणजे टनभर उसातून क्विंटलभर साखर, धरा. सहा महिने पडून राहिलेल्या पोत्यांवर टनभर उसामागे सुमारे पावणेदोनशे रुपये जातात. सहकारी कारखान्याचा शेअर बाजारात विकला जात नाही, सभासदासाठी त्याचं मोल उसाच्या दरातच उतरतं. म्हणून हे पावणेदोनशे मला उताऱ्याच्या दशांशाइतकेच महत्त्वाचे वाटतात. उतारा आणि गाळपाचे विक्रम मोजणाऱ्यांशी माझं भांडण याच मुद्द्यावर आहे.

सरकारनेही हात बांधले, हे खरं. 2013 मध्ये लेव्ही (सरकारला ठरल्या दराने द्यायची साखर) आणि विक्रीचा कोटा उठला, 2018 मध्ये महिन्याचा कोटा परत आला. साखरेचा किमान विक्री दर 2019 पासून क्विंटलला 3100 रुपयांवर थांबला. उसाची एफआरपी मात्र क्विंटलला 2018-19 च्या 275 रुपयांवरून 2024-25 मध्ये 340 झाली, अर्थात पायाभूत उताराही दहावरून सव्वादहा टक्के झाला. इथेनॉलने सुटका होईल असं वाटत होतं, कारण रसाची साखर न केली तर गोदाम रिकामं राहतं. पण डिसेंबर 2023 मध्ये त्यावरही निर्बंध आले. पुढच्या हंगामासाठी ते उठले, तरी आसवनीवर कर्ज काढलेल्यांचं एक वर्ष गेलंच.

पूर्वी वार्षिक सभेत म्हातारे सभासद उभे राहून शिल्लक पोती विचारत. आता अहवाल चकचकीत असतो, सभा तासाभरात आटोपते. महिनाअखेरची शिल्लक, तिच्यावरची उचल आणि व्याज प्रत्येक कारखान्याने महिनावार छापावं, ही माझी मागणी आहे. येत्या सभेत ती कुणा तरुण सभासदाने लेखी द्यावी.