मसुद्याचा सांगाडा

नवशिक्याच्या अहवालात भाषेच्या दोषांहून मांडणीचे दोष अधिक असतात, आणि स्वतः लिहिणाऱ्यास तेच सर्वांत शेवटी दिसतात, हे तालुक्याच्या गावी चालणाऱ्या एका लेखनवर्गात बसलो असता माझ्या वारंवार प्रत्ययास आले. गावच्या नळपाणी योजनेवर अहवाल लिहिणाऱ्या एका विद्यार्थिनीने ‘लिबरऑफिस रायटर’मध्ये बराच मजकूर टंकित केला होता, आणि मथळ्यांची अक्षरे मोठी व ठळक केल्यामुळे वरकरणी सारे यथास्थित भासत होते, परंतु शिक्षकांनी एफ-५ ही कळ दाबून ‘नेव्हिगेटर’ उघडला, तेव्हा त्यात मथळ्यांची एकही नोंद आढळली नाही, कारण संगणकाच्या लेखी ती केवळ जाड अक्षरे होती.

मग तिने मथळ्यांस ‘हेडिंग १’ आणि पोटमथळ्यांस ‘हेडिंग २’ ही शैली लावली, तसा साऱ्या मसुद्याचा सांगाडा बाजूच्या चौकटीत क्रमवार उभा राहिला. पाणीपट्टीची थकबाकी विहिरीच्या दुरुस्तीच्या पोटात कशी आली, असे शिक्षकांनी पुसले.

“सर, लिहिताना तिथं आठवलं, म्हणून तिथंच लिहिलं.”

तिने ती नोंद ओढून ‘जमाखर्च’ या मथळ्याखाली नेली. खालचा तपशील तक्त्यासह तिच्यामागून गेला, आणि अनुक्रमणिका ताजी करताच पृष्ठांकही जुळले.

ही विद्या आजची नव्हे. ९ डिसेंबर १९६८ रोजी संगणकतज्ज्ञ डग्लस एंगेलबार्ट यांनी सॅन फ्रान्सिस्को येथे भरसभेत बाजारहाटाची यादी पडद्यावर घेऊन तिची वर्गवारी करून दाखविली होती. आणि लेखकाने प्रकरण कोठे सुरू होते एवढे सांगावे, त्याचे रूप यंत्राने सांभाळावे, हे तत्त्व लेस्ली लॅम्पोर्ट यांच्या ‘लाटेक’ या संगणकीय अक्षरजुळणी प्रणालीने १९८०च्या दशकात रूढ केले. तयार मथळ्यांचे नमुने नवशिक्यांच्या हाती देण्याची जी वहिवाट पडली आहे, ती मात्र मला घातक वाटते. कारण त्यात रकाने भरले जातात, पण कोणता विषय कोणाच्या अधीन, हा विचार लिहिणाऱ्यास करावाच लागत नाही.

या मुलीस तो करावा लागला. ‘शिफारशी’खाली चार पोटमथळे आणि ‘प्रत्यक्ष पाहणी’खाली एकही नाही, हे पुढे तिचे तिलाच दिसले, तेव्हा शिफारशी तशाच ठेवून, पंपाच्या वीजबिलांच्या नोंदी ग्रामपंचायतीच्या दप्तरातून उतरवून घेण्यासाठी तिने अर्ज लिहावयास घेतला.