शब्दांचे भांडवल, वाचनाचे व्याज

जून महिना उजाडला, महाविद्यालयांचे प्रवेश सुरू झाले की पुस्तकांच्या दुकानांत एका विशिष्ट प्रकारच्या पुस्तकांना मागणी येते. थोड्या दिवसांत इंग्रजी शब्दसंग्रह दुप्पट करून देण्याचे आश्वासन त्यांच्या मुखपृष्ठावरच छापलेले असते. या मागणीची थट्टा करणे सोपे आहे. परंतु तिच्यामागील गरज खरी आहे. मराठी माध्यमातून दहावी उत्तीर्ण झालेला विद्यार्थी वाणिज्य वा विज्ञान शाखेत जातो तेव्हा एका सुटीत त्याच्या ज्ञानाची भाषाच बदललेली असते. कारकुनाला स्पर्धापरीक्षा द्यावयाची असते, शिक्षकाला संदर्भग्रंथ चाळावयाचे असतात. प्रश्न एवढाच की, शब्दांच्या याद्या पाठ करणे हा या गरजेवरील उपाय आहे काय?

इंग्रजीला वाघिणीचे दूध म्हणण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. ते पचविण्याचे आपले मार्ग मात्र बहुतांशी पाठांतराचेच राहिले. स्पर्धापरीक्षांनी या प्रवृत्तीला खतपाणीच घातले. अमेरिकेतील जीआरई परीक्षेतून विरुद्धार्थी शब्दांचे प्रश्न २०११ साली वगळण्यात आले. आपल्याकडील कर्मचारी निवड आयोगाच्या परीक्षांत मात्र समानार्थी, विरुद्धार्थी आणि अनेक शब्दांबद्दल एक शब्द या प्रश्नांना आजही स्थान आहे. जेथे गुण तेथे श्रम, हा साधा व्यवहार असल्याने विद्यार्थ्याला दोष देता येत नाही. पण असा शब्द तिजोरीत ठेवलेल्या नाण्यासारखा राहतो. तो चलनात येत नाही.

अर्थ आणि व्यवहार

याचे कारण शब्द म्हणजे केवळ अर्थ नव्हे. 'थ्रिफ्टी', 'फ्रुगल', 'पार्सिमोनियस' आणि 'स्टिंजी' हे शब्द यादीत एका ओळीत बसतात. परंतु मराठीत काटकसरी आणि चिक्कू यांत जे अंतर आहे, तेच येथेही आहे. नोकरीच्या अर्जात स्वतःला 'स्टिंजी' म्हणवून घेणाऱ्या उमेदवाराने यादीचा अभ्यास चोख केलेला असतो. त्याने वाचन केलेले नसते, एवढेच. 'डिअर' हा शब्द पत्राच्या मायन्यामुळे प्रत्येकाला ठाऊक असतो. पण 'डिअर मनी' म्हणजे महाग झालेला पैसा, अर्थात चढे व्याजदर, हे वाचनावाचून कळत नाही. 'प्रोपेन्सिटी' हा शब्द अ‍ॅडम स्मिथ यांनी १७७६ साली माणसाच्या देवघेवीच्या उपजत ओढीसाठी वापरला, तर केन्स यांनी १९३६ साली उत्पन्नातून किती खर्च होतो हे सांगण्यासाठी. दोन्ही ठिकाणी तो भेटला की त्याचा 'कल' हा गाभा असा मनात बसतो की मग पाठांतराची गरजच उरत नाही.

दोन हजारांचा उंबरठा

तथापि, 'वाचा म्हणजे येईल' हा उपदेशही अपुरा आहे. मायकेल वेस्ट हे शिक्षणतज्ज्ञ ढाक्यात असताना, बंगाली मुलांना परकी भाषा वाचता यावी म्हणून मोजक्या शब्दांत लिहिलेल्या वाचनमाला तयार करू लागले. त्यांनी १९५३ साली सुमारे २,००० अत्यावश्यक शब्दांची यादी प्रसिद्ध केली. पुढे २००० साली न्यूझीलंडमधील अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी विद्यापीठीय ग्रंथांची छाननी करून दाखविले की, त्यांतील सुमारे ७६ टक्के मजकूर याच २,००० शब्दकुलांनी व्यापलेला असतो आणि आणखी ५७० शब्दकुले सुमारे १० टक्के मजकूर व्यापतात. पॉल नेशन यांच्या २००६ सालच्या हिशेबाप्रमाणे ९८ टक्के मजकूर ओळखीचा व्हावयाचा तर आठ ते नऊ हजार शब्दकुले लागतात.

हे आकडे तीनशे शब्दांच्या पानाला लावून पाहावेत. ९८ टक्के शब्द माहीत असणाऱ्याला पानामागे सहा शब्द अडतात. संदर्भावरून त्यांचा अर्थ लागू शकतो. केवळ पहिल्या दोन हजारांच्या बळावर पाठ्यपुस्तक उघडणाऱ्याला मात्र बहात्तर शब्द अडतात. जवळजवळ प्रत्येक चौथ्या शब्दाला ठेच लागत असेल तर त्याला वाचन म्हणता येणार नाही. म्हणून पहिली दोन-अडीच हजार शब्दांची पायरी जाणीवपूर्वक, प्रसंगी यादी हाती धरूनही, चढावी. त्यापुढे मात्र घटत्या सीमांत प्राप्तीचा नियम लागू होतो. पहिले दोन हजार शब्द तीन-चतुर्थांश पान उजळतात. त्यानंतरचा एकेक दुर्मिळ शब्द वर्षातून क्वचितच कामी येतो. असे हजारो शब्द पाठ करणे म्हणजे तोट्याची गुंतवणूक होय. ते ज्या प्रमाणात लागतात त्याच प्रमाणात आणून देणारे साधन एकच, ते म्हणजे वाचन.

मंद, पण चक्रवाढ

वाचनाची ही प्राप्ती मंद असते, हेही मान्य केले पाहिजे. स्वानबॉर्न आणि द ग्लोपर या संशोधकांनी १९९९ साली वीस प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा वाचताना भेटलेल्या अपरिचित शब्दांपैकी सुमारे १५ टक्केच वाचकाच्या पदरात पडतात, असे आढळले. उरलेल्यांची पुनःपुन्हा गाठ पडावी लागते. म्हणूनच आज हे, उद्या ते असे वाचण्यापेक्षा एकच लेखक वा एकच विषय सलग वाचणे लाभदायक ठरते. रिझर्व्ह बँकेची दर दोन महिन्यांनी प्रसिद्ध होणारी पतधोरणविषयक निवेदने कोणालाही विनामूल्य वाचावयास मिळतात. ओळीने सहा वाचली की तेच ते शब्द इतक्यांदा भेटतात की सातव्या वेळी शब्दकोश बाजूला राहतो.

साहित्याच्या वाचकाने आर. के. नारायण यांच्या सरळ इंग्रजीपासून आरंभ करावा. 'कोसला' मराठीत वाचलेल्याने तिचा 'ककून' हा इंग्रजी अनुवाद घ्यावा. कथा ठाऊक असली की भाषेचे ओझे निम्मे होते. पुढे डॉ. आंबेडकरांचा 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा १९२३ सालचा ग्रंथ आहेच. रुक्ष विषयावरील युक्तिवाद किती धारदार करता येतो, हे त्यातून कळेल. सोबत वहीत शब्द न उतरवता तो ज्या वाक्यात आला ते वाक्य उतरवावे. दिवसाला चार-पाच पुरेत. इंग्रजी-मराठी कोश उघडण्यात संकोच नसावा. मात्र पुढे ए. एस. हॉर्नबी यांच्या कोशासारखा, सोप्या इंग्रजीत अर्थ व उदाहरणे देणारा कोश जवळ करावा.

आणखी एक पथ्य आहे. जेथे लहान शब्द चालतो तेथे मोठा वापरू नये, असे जॉर्ज ऑर्वेल यांनी १९४६ सालच्या आपल्या निबंधात बजावले आहे. समृद्ध शब्दसंग्रह म्हणजे जड शब्दांची आतषबाजी नव्हे. अनेक शब्दांतून नेमका निवडता येणे ही त्याची खूण.

मात्र हे सारे पुस्तके हाताशी असणाऱ्यांसाठी झाले. ज्या घरात इंग्रजी पुस्तकांचे कपाट आहे त्या घरातील मुलाला शब्द वारसाहक्काने मिळतात. ज्या घरात ते नाही, तेथील मुलाला ते कमवावे लागतात. ही विषमता दूर करण्याचे सर्वांत स्वस्त साधन ग्रंथालय हे आहे. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली झाला. परंतु अनेक महाविद्यालयांत विद्यार्थ्याला आजही चिठ्ठी भरून पुस्तक मागावे लागते, आणि ज्या पुस्तकाचे नावच ठाऊक नाही ते तो मागणार कसे? कपाटे खुली करावीत, सोप्या इंग्रजी पुस्तकांसाठी वेगळा कप्पा असावा आणि आठवड्यातील एक तास निव्वळ वाचनासाठी राखावा. याला नवे अनुदान नको, नवी समितीही नको. कुलपांच्या किल्ल्या तेवढ्या हव्यात.