घरमालकाचे दुरुस्तीविषयक दायित्व आणि भाडेकरूंचे अधिकार : महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या संदर्भात

प्रस्तावना :

भाड्याच्या जागेची दुरुस्ती हा वरकरणी घरमालक व भाडेकरू यांच्यातील किरकोळ कुरबुरीचा विषय वाटतो. परंतु मुंबई, पुणे, नाशिक यांसारख्या शहरांतील जुने वाडे व चाळी विचारात घेतल्यास हा प्रश्न थेट जीविताच्या सुरक्षिततेशी निगडित असल्याचे दिसून येते. गळणारी गच्ची, टेकूंवर तोललेला जिना, सळया उघड्या पडलेला सज्जा यांकडे घरमालक वर्षानुवर्षे दुर्लक्ष करतो, तेव्हा भाडेकरूस कायद्याने कोणते मार्ग उपलब्ध आहेत व ते व्यवहारात कितपत उपयोगी पडतात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पार्श्वभूमी :

१९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या जागांचे भाडे सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठविले. युद्धोत्तर टंचाईच्या काळात भाडेकरूस मिळालेले हे संरक्षण न्याय्यच होते. तथापि तात्पुरता म्हणून केलेला हा कायदा मुदतवाढीमागून मुदतवाढ घेत पन्नास वर्षे टिकला आणि दुरुस्तीचा खर्च वाढत असताना भाडे मात्र तेथेच राहिले. मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली प्रमाण भाड्याविषयीच्या या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी ठरल्या असल्याचा निर्वाळा दिला. त्यानंतर आलेला महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्यात दरवर्षी चार टक्के भाडेवाढीची मुभा आहे. दोनशे रुपये भाड्यावर ही वाढ आठ रुपये होते! घरमालकाच्या उदासीनतेचे हे समर्थन नव्हे, पण तिचे एक मूळ येथे आहे, हे नाकारता येत नाही.

कलम १४ चे स्वरूप :

सदर अधिनियमाच्या कलम १४ नुसार, विरुद्ध करार नसल्यास, जागा राहण्यायोग्य व सुस्थितीत ठेवणे घरमालकावर बंधनकारक आहे. त्याने हयगय केल्यास भाडेकरू, एकटा किंवा इतरांसह संयुक्तपणे, किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊ शकतो. त्यानंतरही वाजवी मुदतीत काम न झाल्यास भाडेकरूने स्वतः दुरुस्ती करून घ्यावी व खर्च भाड्यातून वळता करावा किंवा अन्य मार्गाने वसूल करावा, अशी ही तरतूद आहे. भाडेकरूने ठेवलेले हिशेब व पावत्या हा खर्चाचा निर्णायक पुरावा मानला जातो. म्हणूनच नोटिशीची पोचपावती, कामापूर्वीची छायाचित्रे व कारागिरांची बिले जपून ठेवणे अगत्याचे आहे.

मात्र याच कलमात एक मर्यादा आहे आणि तीच निर्णायक ठरते. कोणत्याही एका वर्षात वळती वा वसूल करावयाची रक्कम त्या वर्षीच्या भाड्याच्या एक-चतुर्थांशाहून अधिक असता कामा नये. समजा, एका चाळीत वीस भाडेकरू असून प्रत्येकाचे मासिक भाडे दोनशे रुपये आहे. सर्वांचे वार्षिक भाडे ४८,००० रुपये व त्याचा चतुर्थांश १२,००० रुपये होतो. गच्ची व तुळया यांच्या दुरुस्तीस सहा लाख रुपये लागले, तर भाडेवाढ वगळता ती वसुली पूर्ण होण्यास पन्नास वर्षे लागतील. म्हणजे भाडे जितके कमी आणि इमारत जितकी जुनी, तितका हा उपाय दुबळा. ज्या भाडेकरूसाठी तो योजला, त्याच्याच हाती तो सर्वांत कमी येतो, ही या कायद्यातील मोठी विसंगती होय. नळ, शौचालयाचे दार, कौले असल्या कामांपुरता तो खरोखर उपयुक्त आहे.

भाडे थांबविण्यातील धोका :

संतापाच्या भरात अनेक भाडेकरू भाडे देणेच बंद करतात. ही गोष्ट घरमालकाच्या पथ्यावर पडते. कलम १५ नुसार मागणीची नोटीस देऊन नव्वद दिवस उलटल्यावर थकबाकीसाठी निष्कासनाचा दावा दाखल होऊ शकतो. समन्स बजावल्यापासून नव्वद दिवसांत थकबाकी, पंधरा टक्के सरळ व्याज व दाव्याचा खर्च भरल्यास भाडेकरू वाचतो, परंतु तोवर दुरुस्तीचा मूळ मुद्दा मागे पडलेला असतो. घरमालक भाडे स्वीकारत नसेल तर मनीऑर्डरने पाठवावे. तसेच दुरुस्तीच्या नावाखाली लेखी संमतीविना कायम स्वरूपाचे बांधकाम करू नये, कारण ते कलम १६ अन्वये निष्कासनाचे स्वतंत्र कारण ठरते.

पाणी, वीज, जिन्यातील दिवे यांचा प्रश्न वेगळा आहे. पुरेशा कारणाविना अत्यावश्यक सेवा तोडण्यास वा रोखण्यास कलम २९ मनाई करते व त्याविरुद्ध न्यायालयाकडे, मुंबईत लघुवाद न्यायालयाकडे, दाद मागता येते.

महापालिका व दुरुस्ती मंडळ :

मोठ्या कामांसाठी सार्वजनिक यंत्रणेकडे जावेच लागते. मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५४ खाली आयुक्त धोकादायक बांधकामाबाबत नोटीस काढू शकतात. घरमालकाने काम न केल्यास कलम ४९९ नुसार आयुक्तांच्या मान्यतेने भोगवटादार ते करू शकतो व वाजवी खर्च भाड्यातून वळता करू शकतो. हे कलम फारसे परिचित नाही, हे दुर्दैव होय. मुंबई शहरातील जुन्या इमारतींसाठी १९६९ च्या कायद्याने उपकर लागू झाला. त्या वेळी अशा इमारतींची संख्या १९,६४२ होती व त्यांपैकी १६,५०२ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या होत्या. दुरुस्ती मंडळ त्यांची संरचनात्मक दुरुस्ती करते, परंतु प्रति चौरस मीटर ठरावीक खर्चमर्यादेतच. त्यावरील भार भाडेकरू व मालकांवर येतो.

पुनर्वसनाचा अधिकार :

इमारत 'सी-१' म्हणजे अतिधोकादायक ठरली की भाडेकरूची भीती बदलते. छत कोसळण्याच्या भीतीची जागा घरावरील हक्क जाण्याची भीती घेते. दुरुस्ती टाळून इमारत मोडकळीस आणावयाची व नंतर संरचनात्मक तपासणीचा अहवाल पुढे करावयाचा, असा आरोप भाडेकरू वारंवार करतात. परस्परविरोधी अहवाल असल्यास प्रकरण महापालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे नेता येते. शहा रतनसी खिमजी विरुद्ध कुंभार सन्स हॉटेल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये इमारत पडल्याने भाडेहक्क संपुष्टात येत नाही, असे स्पष्ट केले. मात्र हा हक्क पुढे सिद्ध करावयाचा तर जुन्या भाडेपावत्या हाताशी हव्यात. मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी घालून दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पाडकामापूर्वी प्रत्येक भाडेकरूच्या जागेचे मोजमाप महापालिकेने नोंदवावयाचे असते. त्या नोंदीची प्रत जागा सोडण्यापूर्वीच मागून घ्यावी, कारण इमारत पाडल्यानंतर मोजण्यासारखे काही उरत नाही.