पहाऱ्याच्या ओस जागा

कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीतील कुटुंबे चार दिवसांची सवड मिळाली की डोंगराची वाट धरतात. कोणी किल्ला पाहतो, कोणी देवदर्शन घेतो, कोणी धबधब्याखाली उभा राहतो. आज मी आपणांस आणखी एका प्रकारच्या स्थळाविषयी सांगणार आहे. जेथे बसून एखादा मनुष्य उन्हाळाभर रानाकडे डोळे लावी आणि वणव्याचा धूर दिसताच खाली वर्दी देई, असे हे पहाऱ्याचे ठिकाण होय.

ही पद्धत पूर्णत्वास गेली ती अमेरिकेत. १९१० च्या ऑगस्ट महिन्यात आयडाहो व मोंटाना या राज्यांतील वणव्यांत सुमारे तीस लाख एकर अरण्य जळाले. त्यानंतर तेथील वनखात्याने शिखराशिखरांवर चोहोबाजूंनी काचा असलेल्या खोल्या उभारल्या, दूरध्वनीच्या तारा ओढल्या आणि प्रत्येक खोलीत एक पहारेकरी बसविला. पुढे विमाने आली, मग उपग्रह आले, आणि बहुतेक खोल्या ओस पडल्या. कित्येक जागी आता पायाचे चार दगड तेवढे उरले आहेत. तरी हौशी मंडळी नकाशा हाती घेऊन त्या जागा हुडकीत जातात. तेथे पाहण्यासारखे काय असते, असे कोणी विचारील. तेथून जे दिसते, तेच तेथे पाहावयाचे असते.

आपल्या देशात वणव्यापासून रान राखण्याचा पहिला यशस्वी प्रयोग म्हणून मध्य प्रांतातील बोरीच्या जंगलाचे नाव घेतले जाते. १८६० नंतरच्या दशकात पिअर्सन नावाच्या वनाधिकाऱ्याने तो केला. आपल्या सह्याद्रीत काचेच्या खोल्यांची तशी साखळी झाली नाही. येथे भिस्त राहिली ती पायी फिरणाऱ्या वनरक्षकावर, मचाणावर, टेहळणीच्या मनोऱ्यावर आणि जाळरेषेवर. उन्हाळ्यापूर्वी गवताचा पट्टा मुद्दाम जाळून वा साफ करून ठेवावयाचा, म्हणजे पुढे आलेल्या आगीस तेथे खावयास काही मिळत नाही. यालाच जाळरेषा म्हणतात.

हे सारे पाहावयाचे असेल तर आपल्याला दाजीपूर जवळ आहे. कोल्हापुराहून राधानगरीमार्गे फोंडा घाटाच्या वाटेवर सुमारे ८० किलोमीटरांवर ते लागते. हे रान एकेकाळी कोल्हापूरच्या छत्रपतींचे शिकारीचे राखीव रान होते. १९५८ साली ते गव्यांचे अभयारण्य झाले, १९८५ साली त्याचा विस्तार होऊन क्षेत्र ३५१ चौरस किलोमीटर झाले, आणि २०१२ साली पश्चिम घाटातील इतर स्थळांसह त्याची गणना जागतिक वारशात झाली. ज्या रानात पूर्वी शिकारीसाठी टेहळणी होई, तेथेच आता रक्षणासाठी होते. तेथील उघड्या, खडकाळ माथ्यांना सडे म्हणतात. सड्यावर उभे राहिले की पहाऱ्यासाठी उंच जागाच का निवडीत, हे निराळे सांगावे लागत नाही. भोवतालच्या सपाटीहून शंभर मीटर उंच गेलेल्यास, मध्ये आडोसा नसेल तर, सुमारे ३६ किलोमीटरांवरचे क्षितिज दिसते.

परंतु नुसते दिसून भागत नाही. आग कोठे आहे हे सांगता आले पाहिजे. एका जागेवरून धुराची दिशा कळते, अंतर कळत नाही. म्हणून पहारेकरी तबकडीवरच्या नकाशावरून दृष्टी रोखून दिशेचे अंश मोजी. अमेरिकेत ऑसबोर्न या वनाधिकाऱ्याने केलेले असे यंत्र फार प्रसिद्ध आहे. दुसऱ्या शिखरावरील सोबती त्याच धुराचे आपले अंश कळवी. नकाशावर दोन रेषा ओढल्या की त्या जेथे छेदतात तेथे वणवा. समजा, दोघांत १० किलोमीटर अंतर आहे आणि दोघांसही त्यांना जोडणाऱ्या रेषेशी ६० अंशांचा कोन आढळला. त्रिकोण समभुज झाला. म्हणजे आग दोघांपासून १० किलोमीटरांवर. शाळेत ज्या त्रिकोणाचा मुलांना कंटाळा येतो, त्याने अशी अरण्ये वाचविली आहेत. मात्र एका अंशाची चूक झाली, तर २० किलोमीटरांवर जागा साडेतीनशे मीटरांनी सरकते.

याहून कठीण विद्या म्हणजे धूर ओळखणे. आपल्या मुलखात गुऱ्हाळाचा धूर आहे, ऊसतोडणीनंतर जाळलेल्या पाचटाचा आहे, ओतशाळांचा आहे. आणि पहाटे दरीतून वर चढणारे धुकेही दुरून धुरासारखेच भासते. गुऱ्हाळाचा धूर एका जागी ठरलेल्या वेळी निघतो. धुके ऊन चढताच विरते. वाळल्या गवताचा वणवा मात्र वाऱ्यासवे पुढे सरकत जातो. कोणता धूर नित्याचा आणि कोणता नवा, हे त्या मुलखात मुरलेल्या डोळ्यालाच कळते.

आता हे काम उपग्रह करतात. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था २००४ पासून उपग्रहांच्या साहाय्याने वणव्यांच्या सूचना देत आली आहे. आरंभीच्या उपकरणाचा एक ठिपका सुमारे एक किलोमीटरचा होता, नंतरच्या उपकरणाचा ३७५ मीटरांचा आहे. ही सोय मोठीच आहे. तथापि उपग्रह ठरलेल्या वेळी डोक्यावरून जातो, ढगाआडचे त्यास दिसत नाही, आणि काडी ओढणाऱ्याचा हात तर त्यास कधीच दिसत नाही.

आणि आपल्याकडील वणव्यांचे मूळ बहुधा तो हातच असतो. गवत जाळले की पुढील वर्षी ते जोमाने येते ही समजूत, चूल न विझविता उठलेली सहल, फेकलेली विडी, एवढे पुरते. गवतात घरटी करणाऱ्या पाखरांची अंडी जळतात, जांभूळ-हिरड्याची रोपे जळतात, आणि उघडी पडलेली माती पहिल्या पावसात धुपून धरणात जाते. कागलजवळून वाहणारी दूधगंगा याच डोंगरांतून येते. म्हणजे राधानगरीच्या रानातला वणवा कागलकरांस परका नाही. तो त्यांच्या पाण्याच्या उगमाशी लागलेला असतो.

म्हणून या वाटेने जाल तेव्हा वनखात्याची परवानगी काढून, वाटाड्या घेऊन जा. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम समजला जातो. त्या काळात काडेपेटी घरीच ठेवावी. मुलांच्या हाती होकायंत्र द्या, माथ्यावरून दिसणारा प्रत्येक धूर त्यांना ओळखावयास सांगा, आणि जो ओळखता येणार नाही त्याची दिशा टिपून वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. मनोऱ्यावर पहारेकरी नसला तरी तेवढा वेळ ती जागा ओस राहणार नाही.