पोचा जावा, रंग राहावा

२२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, आणि त्यापूर्वी डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेर येथे भरलेल्या कर परिषदेने नोंदणीकृत व्यापाऱ्याच्या जुन्या गाडीवरील नफ्याला सरसकट १८ टक्के कर लावण्याचे ठरविले होतेच. या दोन्ही निर्णयांचा ऊहापोह इतका झाला आहे की त्याची पुनरुक्ती येथे अनावश्यक आहे. परंतु त्यांच्या एका परिणामाची वाच्यता फारशी झालेली नाही. नवी गाडी स्वस्त झाली म्हणजे जुन्या गाडीचे गिऱ्हाईक अधिक चिकित्सक होते. ते गाडीभोवती दोन फेऱ्या जास्त मारते, दरवाज्यावरून तळहात फिरवते, आणि पत्रा जिथे खोलगट लागेल तिथे थांबून किंमत पाडून मागते. ही घासाघीस टळावी म्हणून मालक विक्रीची जाहिरात देण्यापूर्वीच गाडी डेंटिंग-पेंटिंगला नेऊन उभी करतो. पोच्यात पुट्टी भरली जाते, सबंध दरवाजा घासून नव्याने रंगविला जातो, आणि त्या दरवाज्यावरची जी वस्तू पुन्हा कोणत्याही किमतीला मिळावयाची नाही, ती कायमची नष्ट होते. ती वस्तू म्हणजे कारखान्यात चढलेला मूळ रंग.

हा रंग पुन्हा मिळत नाही याचे कारण कारागिराच्या हातात नसून भट्टीच्या उष्णतेत आहे. कारखान्यात गाडीचा नुसता सांगाडा, त्यात एकही तार, काच किंवा आसन बसविण्यापूर्वी, द्रावणाच्या हौदात संपूर्ण बुडविला जातो. विजेच्या प्रवाहाने पत्र्याच्या सांदीकोपऱ्यांतही गंजरोधक अस्तर धरते, आणि ते सुमारे १६० ते १८० अंश सेल्सिअस उष्णतेत भाजून पक्के केले जाते. त्यावर प्रायमर, रंग आणि पारदर्शक लुकणाचे थर चढतात व तेही सुमारे १४० अंशांपर्यंत तापविले जातात. एवढे सगळे थर मिळून जाडी भरते ती बहुधा १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा जेमतेम सातवा ते दहावा हिस्सा. उलटपक्षी गॅरेजात येणाऱ्या गाडीत पेट्रोलची टाकी, रबर, प्लास्टिक आणि तारांचे जाळे असल्यामुळे तिला ६० ते ८० अंशांपलीकडे तापविता येत नाही. म्हणून तेथे हार्डनर मिसळून वाळणारा निराळ्या जातीचा रंग वापरावा लागतो. त्यातील आयसोसायनेट नावाची द्रव्ये फवारणाऱ्याच्या श्वासनलिकांना घातक असतात व त्यांच्यामुळे दम्याचा विकार जडतो, ही गोष्टही हिशेबात धरली पाहिजे. शिवाय उन्हाने फिकटलेल्या जुन्या रंगाशी नवी छटा जुळावी म्हणून ती शेजारच्या भागावर विरवत न्यावी लागते, आणि मग करंगळीच्या पेराएवढ्या पोच्यापायी दोन भागांचा मूळ रंग खर्ची पडतो.

मूळ रंग हा गाडीच्या पूर्वायुष्याचा अस्सल दस्तऐवज आहे, असे म्हटल्यास ते अतिशयोक्त होणार नाही. जुन्या गाड्यांचे तपासनीस हल्ली पत्र्याला टेकवून रंगाची जाडी सांगणारे छोटे यंत्र बाळगतात. आकडा सव्वाशेच्या आसपास आला तर पत्रा अस्पर्शित. दोनशे-तीनशेवर गेला तर फेररंगाई झालेली. पाचशे-हजाराच्या घरात गेला तर खाली पुट्टी आहे, असे ते साधारणपणे समजतात. परंतु ती फेररंगाई सोसायटीच्या आवारातील किरकोळ धडकेमुळे झाली की महामार्गावरील भीषण अपघातामुळे, हे यंत्र सांगू शकत नाही, आणि ज्या मालकाने निव्वळ शोभेखातर दरवाजा रंगवून घेतला, त्याच्या प्रामाणिक गाडीवरही संशयाची छाया पडते.

रंगाला हात न लावता पोचा काढण्याच्या पद्धतीला, जिला व्यवसायातले लोक पीडीआर म्हणतात, आम्ही महत्त्व देतो ते याच कारणाने. मोटारीचा बाहेरचा पत्रा मिलिमीटरच्या सात-आठ दशांशांहून जाड क्वचितच असतो. त्यावर आघात झाला म्हणजे खोलगट दिसणारा सगळाच भाग कायमचा वाकलेला नसतो. पुष्कळसा पत्रा मूळ आकाराकडे परत जाऊ पाहत असतो, पण पोच्याच्या कडेने उठलेला बारीक उंचवटा आणि मध्यावरची ताणलेली जागा त्याला अडवून धरतात. म्हणून जाणता कारागीर खोल भाग वर उचलण्याची घाई करीत नाही. नायलॉनच्या बोथट कांडीने तो आधी कडेचा उंचवटा हलकेच बसवितो, आणि अडसर निघाल्यावर आतून सळईच्या टोकाने, मोहरीएवढी जागा एका वेळी, असे पत्र्याला वर आणीत जातो.

पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत मठारकाम ज्यांनी पाहिले आहे त्यांना यातली खरी अडचण चटकन उमगेल. ठोक्यांनी तांबे कठीण होत जाते, आणि ते फार कठीण झाले की तांबट भांडे भट्टीत तापवून त्याला पुन्हा मऊ करतो. मोटारीच्या पत्र्याचाही धर्म हाच आहे, प्रत्येक दाबाने तोही कठीण होतो. पण येथे भट्टीची मुभा नाही, कारण पत्रा मऊ व्हावा एवढी उष्णता दिली तर रंग जळून जाईल. रंग लवचीक राहून तडकू नये इतपत ऊब द्यावयाची, तीही थंडीच्या दिवसांत अवश्य द्यावयाची, याहून अधिक नाही. तेव्हा तांबटाला जी चूक सुधारता येते ती या कारागिराला सुधारता येत नाही. गरजेपेक्षा जास्त दाब पडला की पत्रा ताणला जातो, आणि ताणलेला पत्रा अंगठ्याखाली आत-बाहेर टचटच वाजत राहतो व कधीच स्थिर बसत नाही.

हे सारे काम प्रकाशाच्या साक्षीने चालते. पत्र्यासमोर सरळ रेघांचा दिवा धरला की त्या रेघांचे प्रतिबिंब चकाकत्या रंगात उमटते; निर्दोष पत्र्यावर रेघा सरळ धावतात, खोलगट जागी आणि उंचवट्यावर त्या वाकतात. सळईचे टोक आत नेमके कोठे आहे हे कारागिराला डोळ्यांनी दिसत नाही. प्रतिबिंबात उमटणाऱ्या सूक्ष्म थरथरीवरून त्याला ते ओळखावे लागते. उजवा हात आत अंधारात, डोळे बाहेर प्रकाशावर, आणि दोहोंमध्ये पत्र्याची बारीकशी भिंत, अशा स्थितीत तासन्‌तास धीराने बसणे, या साधनेला या व्यवसायात पर्याय नाही.

आता मुख्य प्रश्नाकडे, म्हणजे हत्यार पोच्यापर्यंत पोहोचविण्याच्या वाटेकडे, वळू. दरवाज्याच्या ऐन मध्यावरचा उथळ पोचा हा त्यातल्या त्यात सोपा. काच खाली घेऊन, तिच्या आड संरक्षक पत्री सरकवून, काचेच्या फटीतून सळई उतरविता येते. परंतु जुन्या गाडीचे पोचे सोयीच्या जागी पडत नाहीत. दरवाज्याच्या आत, आडव्या धडकेपासून प्रवाशांना वाचविणारी पोलादी तुळई बाहेरच्या पत्र्याला जवळजवळ चिकटून असते. तिच्यावरचा पोचा काढावयाचा तर तुळई आणि पत्रा यांच्यामधल्या चिंचोळ्या फटीत रुंद, चपटे, पातळ हत्यार सरकवावे लागते, आणि त्याला पुरेसा जोर लावणे हेच मोठे कौशल्याचे काम. दरवाज्याच्या कडेला बाहेरचा पत्रा आतल्या पत्र्यावर दुमडून सीलबंद केलेला असतो, तेथे हत्याराला वाटच नाही. बॉनेटच्या खाली आडव्या-उभ्या पट्ट्यांची चौकट असते व ती बाहेरच्या पत्र्याला मऊ सीलंटच्या ठिपक्यांनी धरलेली असते. तो ठिपका जपून सोडवून वाट करता येते, पण काम झाल्यावर तो पुन्हा भरावा लागतो, नाहीतर वेगात बॉनेट थरथरते. छतासाठी आतले अस्तर उतरवावे लागते. मागच्या चाकावरचा भाग टेललॅम्प आणि डिकीचे अस्तर काढून गाठता येतो, पण चाकाच्या कमानीची कडा दोन पत्र्यांच्या जोडात अडकलेली असते. आणि दरवाज्यांच्या खालचा उंबरठा, तसेच छताला तोलणारे खांब, हे तर चारी बाजूंनी बंद असे पोकळ पेटारे आहेत.

या बंद जागांपुढे मार्ग दोनच उरतात. पहिला मार्ग छिद्र पाडण्याचा, आणि त्याला आमचा स्पष्ट विरोध आहे. दरवाज्याच्या कडेला किंवा खांबाच्या आतल्या बाजूस छिद्र पाडून सळई घालावयाची आणि मग ते रबरी बुचाने झाकावयाचे, ही चाल पूर्वी सर्रास होती व अजूनही गेलेली नाही. पण जिथे छिद्र पाडले तिथे हौदात बुडवून चढविलेले ते गंजरोधक अस्तर कापले गेले, आणि आत पडलेला लोखंडाचा चुरा निघाला नाही तर तोही तेथेच गंजतो. कोकणातील आणि गोव्यातील खाऱ्या दमट हवेत असल्या छिद्राचे भवितव्य काय, हे किनारपट्टीच्या वाचकास सांगावयास नको. बाहेरचा रंग वाचविण्यासाठी आतला रंग फोडणे हा या विद्येच्या मूळ हेतूशीच द्रोह आहे. कारखान्यानेच ठेवलेली पाणी निचऱ्याची छिद्रे आणि रबरी बुचे पुष्कळ ठिकाणी असतात. चांगला कारागीर आधी त्यांचा शोध घेतो, आणि वाट मिळून काम झाल्यावर त्या पोकळीत गंजरोधक मेण फवारतो.

दुसरा मार्ग बाहेरून ओढण्याचा. गरम वितळणाऱ्या विशिष्ट गोंदाने पोच्यावर प्लास्टिकची छोटी टोपी चिकटवितात, ती छोट्या जॅकने किंवा सरकत्या वजनाने ओढतात, उंचवटा आला की कांडीने बसवितात, आणि अल्कोहोलने गोंद सोडवून पुन्हा चिकटवितात. असे अनेकवार केल्यावर पत्रा समपातळीवर येतो. उंबरठा आणि खांब यांच्यासारख्या बंद पेटाऱ्यांना हाच खरा उपाय. मात्र त्याची एक अट विलक्षण आहे: रंग कारखान्याचा असला पाहिजे. भट्टीत भाजलेला थर ही ओढ बहुधा सोसतो. पुट्टीवर चढविलेला गॅरेजातला रंग टोपीबरोबर उखडून येण्याची भीती असते. म्हणजे आज ज्या दरवाज्याला नवा रंग दिला, त्यावर उद्या पोचा पडला तर हा सौम्य उपचार घेण्याचा त्याचा अधिकारही धोक्यात आला. फेररंगाईविरुद्धचा याहून बळकट पुरावा आम्हांस ठाऊक नाही.

या कामात सुरक्षेचाही मोठा प्रश्न आहे. छताच्या दोन्ही कडांना पडद्यासारख्या उघडणाऱ्या एअरबॅग आणि मधल्या खांबात आसनपट्टा क्षणात आवळणारी यंत्रणा, ही आजच्या पुष्कळ गाड्यांत असतात. तेथे सळई घालणे ही बॅटरी सोडविल्यावाचून आणि त्या यंत्रणेची जागा निश्चित माहीत असल्यावाचून करण्याची गोष्ट नव्हे. खांबाचा बाहेरचा पत्रा नुसता चेपला असेल तर तो ओढता येईल, पण आतला भारवाही सांगाडा वाकला असेल तर तेथे पीडीआरचे नावही काढू नये. त्याचप्रमाणे रंगाला तडा गेला असेल, घडी तीक्ष्ण पडली असेल किंवा पोचा पत्र्याच्या अगदी कडेला असेल, तर रंग वाचविण्याचे आश्वासन देणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यास लोखंडी पत्र्यापेक्षा पूर्वरूप धरण्याची ओढ कमी असते व त्याचे काम अधिक कठीण जाते. उकळते पाणी ओतण्याचा घरगुती उपाय प्लास्टिकच्या बंपरला कधीकधी लागू पडतो. पत्र्याला त्याचा भरवसा नाही.

पैशाचा हिशेबही पाहू. किरकोळ पोच्यासाठी विम्याचा दावा करणारा मालक सक्तीच्या वजावटीपोटी १५०० सीसीपर्यंतच्या गाडीस १,००० व त्यावरील गाडीस २,००० रुपये पदरचे भरतो, आणि वर्षानुवर्षे दावा न केल्याबद्दल २० टक्क्यांपासून चढत ५० टक्क्यांपर्यंत गेलेली हप्त्यातील सवलत गमावतो. ही सवलत गाडीची नसून मालकाची असते, जुनी गाडी विकून नवी घेतली तरी ती त्याच्याबरोबर जाते. म्हणून विक्रीच्या तोंडावर रंगकामासाठी दावा करणे हे दुहेरी नुकसान होय. रंगाविना पोचा काढणाऱ्याचा मेहनताना अडचणीच्या जागी अधिक असतो, आणि तो असावाच. कारण तेथे वेळ पोच्यापेक्षा वाटेलाच जास्त लागतो. कोणत्या वाटेने आत जाणार, छिद्र पाडणार काय, आणि पोचा समूळ जाईल की काही अंशी उरेल, हे तीन प्रश्न काम सोपविण्यापूर्वीच विचारावेत व त्यांची उत्तरे लेखी घ्यावीत.

आमचे मत येथे उघडपणे नोंदवितो. जुन्या गाडीच्या व्यापाऱ्याने प्रत्येक भागाच्या रंगाच्या जाडीचा तक्ता खरेदीखताबरोबर ग्राहकाच्या हाती द्यावा, आणि कोणता पोचा कोणत्या मार्गाने काढला त्याचा तपशील त्यात असावा. ही पद्धत रूढ झाली तर मूळ रंग जपणाऱ्या मालकास त्याचे उचित मोल मिळेल आणि पुट्टीने सत्य झाकण्याचा मोह आपोआप ओसरेल. ग्राहकानेही आपली दृष्टी बदलली पाहिजे. दहा वर्षे रस्त्यावर चाललेल्या गाडीच्या उंबरठ्यावर, जिथे हत्यार पोहोचत नाही आणि गोंदही धरत नाही, तिथे एक उथळ पोचा उरला असेल, तर त्यापोटी चार पैसे कमी देऊन ती गाडी घ्यावी. तोच पोचा झाकण्यासाठी नुकताच रंगविलेला चकचकीत पत्रा पाहून जास्त पैसे मोजण्यापेक्षा हा सौदा केव्हाही शहाणपणाचा ठरेल.