सरण आणि सातबारा : विदर्भातील तिबेटी शरणार्थी

आपली भूमी सोडावी लागलेल्या माणसासाठी मराठीत दोन शब्द रूढ आहेत : निर्वासित आणि शरणार्थी. पहिल्या शब्दाची दृष्टी मागे, सुटलेल्या घराकडे आहे. दुसऱ्याची पुढे, आश्रय मिळेल त्या स्थळाकडे. शरण म्हणजेच पालीतील 'सरण'. त्रिसरण नित्य म्हणणाऱ्या आपल्या वाचकाला हा शब्द इतका परिचित आहे की, आश्रयाची जागा, निवारा हा त्याचा व्यावहारिक अर्थ सहसा मनात येत नाही. धम्मपदाच्या बुद्धवग्गात भयभीत माणसे पर्वत, वने, वृक्ष यांचा आश्रय घेतात असे सांगून, असे सरण 'खेम' म्हणजे निर्भय नव्हे, असे म्हटले आहे. तेथील विवेचन अर्थातच आध्यात्मिक आहे. तथापि जगात कोट्यवधी लोकांना हाच प्रश्न अगदी ऐहिक अर्थाने पडलेला आहे : मिळालेला आश्रय निर्भय आहे काय? त्याचे एक उदाहरण विदर्भातच आहे.

गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात, इटियाडोह धरणाजवळ गोठणगाव नावाचे गाव आहे. त्याच्या परिसरात १९७२ साली तिबेटी शरणार्थींची वसाहत स्थापन झाली. तेव्हा हा भाग भंडारा जिल्ह्यात होता, म्हणून तिबेटी लोक आजही तिला 'भंडारा' या नावाने ओळखतात. शेतीवर उभी केलेली महाराष्ट्रातील ही एकमेव तिबेटी वसाहत. आमच्या उमरखेडपासून ती दूर आहे. पण ज्यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळात ती वसली ते वसंतराव नाईक आमच्या शेजारच्या पुसद तालुक्यातले, आणि ते वर्ष महाराष्ट्राच्या स्मरणात दुष्काळाचे म्हणून कोरले गेलेले.

हे लोक येथवर कसे आले? मार्च १९५९ मध्ये ल्हासात चिनी सत्तेविरुद्ध उठाव झाला. परमपावन दलाई लामांनी १७ मार्चच्या रात्री ल्हासा सोडले आणि ३१ मार्चला ते तवांगच्या बाजूने भारतात पोहोचले. त्यांच्यामागून सुमारे ८० हजार लोक आले. आसामातील मिसामारी येथे त्यांच्यासाठी छावणी उघडण्यात आली. भिक्खूंना बंगालमधील बक्सा येथील जुन्या तुरुंगाच्या जागेत ठेवण्यात आले. उंच पठाराच्या कोरड्या, थंड हवेत वाढलेल्या माणसांना तेथील उष्ण व दमट हवा सोसली नाही. क्षयाने अनेकांचा घास घेतला. धडधाकट स्त्री-पुरुषांना हिमालयात रस्ते बांधण्याचे काम मिळाले. मोबदला तुटपुंजा, आणि दरडी कोसळून जीव जात ते निराळेच.

याला पर्याय म्हणून शेतीच्या वसाहतींची कल्पना पुढे आली. पंडित नेहरूंनी राज्य सरकारांना जमिनीविषयी विचारणा केली आणि म्हैसूर राज्याने सर्वांत आधी, मोठ्या मनाने प्रतिसाद दिला. १९६० मध्ये बैलकुप्पे येथे पहिली वसाहत झाली. त्यानंतर मैनपाट, चंद्रगिरी, मुंडगोड अशी मालिका सुरू झाली. गोठणगाव त्या मालिकेत बरेच उशिरा आले. बहुतेक ठिकाणी दिलेली जमीन जंगल तोडून तयार करावयाची होती. सातू पिकवणाऱ्या आणि याक पाळणाऱ्या माणसांनी विदर्भाच्या उन्हात धानाची रोवणी शिकावी, यातील कष्ट झाडीपट्टीतील शेतकऱ्यास सांगावयास नकोत.

वसाहतीचे नाव नोरग्येलिंग. 'नोर' म्हणजे धन, 'ग्ये' म्हणजे वृद्धी, आणि 'लिंग' म्हणजे स्थान. हा शेवटचा शब्द अभ्यासकाने थांबून पाहावा असा आहे. संस्कृत ग्रंथांचे तिबेटी अनुवाद करणाऱ्यांनी 'द्वीप' या शब्दासाठी तोच योजला. जंबुद्वीप तिबेटीत 'जंबुलिंग' होते. पाली 'दीप' शब्दाचा अर्थ दिवा की बेट, हा विद्वानांचा जुना वाद आहे. महापरिनिब्बान सुत्तात 'दीप' आणि 'सरण' हे शब्द जोडीने येतात, आणि पुरात सापडलेल्यास आधार देणारी उंच जमीन हा अर्थ तेथे मला अधिक सयुक्तिक वाटतो. नोरग्येलिंगच्या बाबतीत तर दुसरा अर्थ संभवतच नाही.

परंतु धानाच्या एका पिकावर कुटुंब चालत नाही. कापणीच्या सुमारास, ऑक्टोबर उजाडला की, तिबेटी कुटुंबे गावोगावच्या शहरांत स्वेटरची दुकाने मांडतात. नागपूरकरांना हा तिबेटी बाजार चांगला ठाऊक आहे. आरंभी हे स्वेटर हाताने विणलेले असत. पुढे माल लुधियानाच्या कारखान्यांतून येऊ लागला. या व्यापाराची खरी खुबी उधारीत आहे. लुधियानाचा कारखानदार हंगामाच्या आरंभी माल देतो आणि हंगाम संपल्यावर पैसे घेतो. तारण म्हणून द्यावयास तिबेटी व्यापाऱ्याजवळ जमीन नाही, घराचा कागद नाही. त्याच्याजवळ आहे ती समाजाची पत. एकाने बुडवले तर साऱ्यांची उधारी बंद होणार, हे प्रत्येक जण जाणतो. पुनर्वसन म्हणजे केवळ घर आणि एकर नव्हे, हे यावरून कळते. ईसापूर धरणामुळे आमच्या पैनगंगेच्या खोऱ्यात हा शब्द पुरेसा परिचित आहे, आणि घर मिळूनही पत न मिळाल्यास माणूस कसा उपरा राहतो हेही.

आता कागदाविषयी. शेत कुटुंबाने कसायचे, पण कुटुंबाच्या नावे सातबारा होत नाही. २०१४ च्या केंद्र सरकारच्या तिबेटी पुनर्वसन धोरणाने राज्यांना सांगितले की, वसाहतींच्या जमिनी २० वर्षांच्या भाडेपट्ट्याने द्याव्यात, तेही केंद्रीय तिबेटी मदत समितीच्या नावे. व्यक्तीपाशी असते ते नोंदणी प्रमाणपत्र, त्याचे ठरावीक मुदतीने नूतनीकरण करावे लागते. शरणार्थींविषयीच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताची सही नाही; त्यामुळे 'शरणार्थी' असा वेगळा कायदेशीर दर्जाही नाही. जो आश्रय मिळाला तो सरकारच्या सद्‌भावनेने. ती सद्‌भावना साठ वर्षांहून अधिक टिकली, हे भारताला भूषणावह आहे; पण सद्‌भावना आणि हक्क या दोन गोष्टी आहेत.

नागरिकत्व कायद्यानुसार २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्मलेली व्यक्ती जन्माने नागरिक ठरते, आईवडील कोणीही असोत. ही तरतूद तिबेटींनाही लागू आहे, असा निर्णय दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये दिला. आता असे घर डोळ्यांसमोर आणावे की ज्यातील आईवडील तिबेटात जन्मले. त्यांचा १९८५ चा मुलगा भारताचा नागरिक, १९८८ ची मुलगी परकीय. एकाच चुलीवर जेवणारी ही दोन भावंडे! त्यातही मुलाने पासपोर्ट मागितला तर परराष्ट्र मंत्रालयाची २०१७ मधील अट अशी की, त्याने नोंदणी प्रमाणपत्र रद्द करावे, शरणार्थी म्हणून मिळणाऱ्या सवलती सोडाव्यात आणि वसाहतीत राहू नये. देश मिळवायचा तर गाव सोडावे लागते. निर्वासित तिबेटी प्रशासनाने हा निर्णय ज्याच्या त्याच्यावर सोपवला आहे. अनेक जण अर्जच करीत नाहीत. नागरिक झालो तर परत जाण्याचा दावा क्षीण होईल, ही भीती त्यामागे आहे. तिला भाबडेपणा म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात ज्यांनी धम्मदीक्षा घेतली त्यांच्यापाशी मत होते, पण बहुतेकांपाशी जमीन नव्हती. सोळा वर्षांनी त्याच विदर्भात कसण्यापुरती जमीन मिळालेले, पण मत नसलेले बौद्ध आले. दोन्ही समाजांनी उद्ध्वस्ततेतून जीवन उभे केले. दोघांनीही शाळेला सर्वाधिक महत्त्व दिले. तरीही त्यांचा परिचय स्वेटरच्या भावापलीकडे फारसा गेला नाही. वज्रयानाचे विधी आपल्याला परके वाटतात हे खरे. परंतु सारनाथच्या तिबेटी संस्थेत १९६७ पासून मूळ संस्कृतात नष्ट झालेले बौद्ध ग्रंथ तिबेटीवरून पुन्हा सिद्ध होत आहेत. हे ज्ञान याच लोकांनी सीमेपलीकडून आणले.

२००९ च्या तिबेटी प्रशासनाच्या गणनेत भारतात ९४,२०३ तिबेटी होते. तरुण पिढी बेंगळुरू, दिल्ली आणि पुढे युरोप-अमेरिकेकडे निघाली आहे. अनेक वसाहतींत शेते आता स्थानिक शेतकरी कसतात आणि शाळांतील पटसंख्या घटते आहे. २००८ नंतर तिबेटातून नव्याने येणाऱ्यांची संख्याही फार कमी झाली. बैलकुप्पे वा मुंडगोड येथे मोठे मठ आहेत, ते वसाहतीला धरून ठेवतील. नोरग्येलिंगसारख्या लहान वसाहतीला तो आधार तेवढा नाही. तेथील वृद्ध आज झाडीपट्टीची मराठी समजतात, आणि त्यांची नातवंडे बहुधा दूरच्या शहरात आहेत.